आधी वाचता यावे

प्रस्तावना

या पुस्तकात एकच काम शिकवले आहे. आपल्या लॅबमध्ये, वसतिगृहात किंवा घरी एखाद्या संगणकावर गिटच्या रेपो असतील, तर त्या शेजारच्या माणसाला ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतील अशी सोय कशी करायची, एवढेच. मात्र ही सोय करायची आहे ती अडचणीच्या जागी. रूटचा पासवर्ड आपल्याकडे नाही, इंटरनेटचा भरवसा नाही, नवा सर्व्हर घ्यायला पैसे नाहीत आणि जो वेब सर्व्हर मिळाला आहे तो एका बंदिस्त फोल्डराबाहेर पाहू शकत नाही. अंबाजोगाई, बीड, परळी, माजलगाव, केज इथे संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना बहुतेक वेळा हेच हाताशी असते. बाजारातली बहुतेक पुस्तके ‘सुडो’ या शब्दाने सुरू होतात आणि तिथेच आमच्या मुलांचा रस्ता अडतो. तो अडू नये म्हणून लॅबच्या वहीत साठत गेलेली टिपणे आता पुस्तकरूपाने देत आहे.

कोड वाचायला वेगळी खिडकी कशाला, फाइल उघडली की झाले, असे पुष्कळांना वाटते. मलाही एकेकाळी तसेच वाटत असे. ते मत बदलले ते एका विमा-प्रकल्पामुळे. तो प्रसंग आधी सांगतो, कारण पुस्तकाची गरज त्यातच आहे.

२०२० च्या खरिपापासून बीड जिल्ह्यात पीक विम्याचा ८०-११० हा नमुना राबवला गेला. पुढे राज्यानेही तो स्वीकारला आणि ‘बीड पॅटर्न’ हे नाव सगळीकडे रुळले. हिशोब असा. गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई विमा कंपनीने द्यायची, त्यावरचा भार राज्य सरकारने उचलायचा. उलट भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली, तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवून उरलेली सरकारला परत करायची. शेतकऱ्यांच्या घरातल्या आमच्या विद्यार्थ्यांना हा विषय कोणी समजावून सांगावा लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या चौघांनी या हिशोबाचा प्रोग्राम प्रकल्प म्हणून घेतला.

सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात उत्तर चुकू लागले. हप्ता १०० कोटी आणि भरपाई १३० कोटी धरली, तर कंपनीचा वाटा ११० आणि सरकारचा २० यायला हवा. प्रोग्राम मात्र सगळे १३० कंपनीच्या माथी मारून सरकारच्या रकान्यात शून्य दाखवत होता. चौघांनी दोन दिवस ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. चूक सापडेना, कारण फाइल वाचायला अगदी नीट होती. शेवटी लॅबमधल्या जुन्या संगणकावर त्यांची रेपो ब्राउझरमध्ये उघडली आणि पडद्यावर एकेक बदल मागे मागे नेत गेलो. तेराव्या की चौदाव्या कमिटवर थांबलो. संदेश होता ‘छोटा बदल’. खाली दोनच ओळी. लाल ओळीत उणे चिन्हापुढे ‘हप्ता गुणिले १.१०’, हिरव्या ओळीत अधिक चिन्हापुढे ‘विमा रक्कम गुणिले १.१०’. विमा संरक्षित रक्कम हप्त्यापेक्षा कितीतरी मोठी असते. तिच्यावर मर्यादा बसवली की ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही. वर्गातला एकजण मागून हळूच म्हणाला, ‘‘सर, हा मीच केलता.’’ त्याला कोणी बोलले नाही. चुकीची ओळ, तिची तारीख आणि तिच्याआधीची बरोबर ओळ, तिन्ही गोष्टी तीस जणांना एकाच वेळी दिसत होत्या. तिथे आरोपाला जागा नव्हती आणि बचावाचीही गरज नव्हती.

फाइल आजची स्थिती दाखवते, रेपो त्या स्थितीपर्यंतचा प्रवास दाखवते. हा प्रवास टर्मिनलवरही वाचता येतो, पण ज्याला कमांड येते त्यालाच आणि एका वेळी एकालाच. ब्राउझर मात्र सगळ्यांना येतो. प्रकल्पाचे मार्गदर्शक, परीक्षक, दुसऱ्या शाखेतली मैत्रीण, मुलाने वर्षभर काय केले हे पाहायला आलेले वडील, यांपैकी कोणालाही पत्ता दिला की वाचता येते. लिहिणाऱ्याचा हक्क पुढचा. आधी वाचता यावे, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

हा आग्रह आमच्या मातीला नवा नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ एका लांबलचक पासोडीवर लिहिले. कापडावरचा तो ग्रंथ शतके टिकला, पण तो वाचायचा तर आधी उलगडावा लागतो, आणि उलगडायला मोठी जागा व जपणारे हात लागतात. त्याच काळात गोदाकाठी पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. शके १२१२ मध्ये लिहिलेल्या त्या ग्रंथात तीनशे वर्षांत लेखकूंच्या हातून नकळत आणि भक्तांच्या हातून जाणीवपूर्वक किती ओव्या बदलल्या, कोणती ओवी मूळची आणि कोणती मागाहून शिरलेली, हे ठरवण्याचे ते काम होते. प्रत्येक बदलाला तारीख आणि नाव चिकटलेले असते, तर नाथांचे कष्ट किती वाचले असते! गिट नेमके हेच करते. साठवलेले असणे आणि वाचता येणे यांत अंतर असते, हे पासोडी शिकवते. बदलाची नोंद नसली की शुद्ध पाठ शोधायला थोर विद्वान लागतो, हे नाथांचे काम शिकवते.

आता अडचणींकडे वळतो.

पहिली अडचण जाळ्याची. सगळे गिटहबवर ठेवले की वाचायची सोय आपोआप होते, हे खरे आहे आणि जिथे जमते तिथे ते जरूर करावे. पण दुसऱ्याच्या खिडकीला दुसऱ्याची झडप असते. १७ डिसेंबर २०१४ रोजी दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश काढला. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने तशी मागणी केली होती. त्या यादीत पेस्टबिन होते, इंटरनेट आर्काइव्ह होते आणि कोडचे तुकडे ठेवण्याची गिटहबची ‘गिस्ट’ ही सेवाही होती. वर्षअखेरीस काहींवरची बंदी उठली, पण मधल्या काळात देशभरच्या प्रोग्रामरांना आपलेच लिहिलेले उघडेना. आमच्या जिल्ह्याने याहून जवळचा अनुभव घेतला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव आणि बीडमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद झाले. त्या दिवसांत ज्यांनी रेपो क्लोन करून ठेवली होती त्यांच्या लॅपटॉपवर पहिल्या कमिटपासूनचा सगळा इतिहास होता. घरी बसून त्यांनी तो ब्राउझरमध्ये उघडला आणि काम पुढे नेले. ज्यांचा कोड फक्त दूरच्या सर्व्हरवर होता, ते थांबले. गिटमध्ये प्रत्येक क्लोन पूर्ण असतो, हे वाक्य मी वर्गात अनेकदा सांगितले होते. मुलांना ते त्या आठवड्यात पटले.

दुसरी अडचण अधिकारांची. लॅबच्या सर्व्हरवर विद्यार्थ्याचे खाते साधे असते आणि ते तसेच असावे. साध्या खात्याला १०२४ च्या खालचा पोर्ट उघडता येत नाही, म्हणून नेहमीचा ८० क्रमांकाचा पोर्ट आपल्याला मिळत नाही. त्यावाचून अडत नाही. ‘गिट इन्स्टावेब’ ही गिटबरोबरच येणारी कमांड १२३४ या पोर्टवर छोटा वेब सर्व्हर उभा करते आणि ज्या रेपोत आपण उभे आहोत ती रेपो ब्राउझरला दाखवू लागते. हवे ते पॅकेज बसवायची परवानगी नसेल, तर डेबियनचे पॅकेज पेनड्राइव्हवर आणून ‘डीपीकेजी’च्या उलगडण्याच्या पर्यायाने आपल्या घरफोल्डरात नुसते मोकळे करता येते. त्याला रूट लागत नाही. पहिली दोन प्रकरणे याच वाटेने जातात.

तिसरी अडचण यंत्राची. गिटलॅबसारखी भारदस्त प्रणाली चालायला काही जीबी मेमरी हवी. आमच्याकडे कार्यालयातून उतरलेले, चार जीबीचे डेस्कटॉप असतात, आणि त्यांनाच सर्व्हर म्हणायचे असते. अशा यंत्रावर साधी जुनी साधने निवडावीत. त्यांचा वंश जाणून घेतला तर निवड सोपी होते. गिटच्या आधी सीव्हीएसचे राज्य होते, तेव्हा बिल फेनर यांनी सीव्हीएसवेब लिहिले आणि रेपो ब्राउझरमधून वाचण्याची सवय लोकांना लागली. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्याच वर्षी के सिव्हर्स यांनी पर्लमध्ये गिटवेब लिहिले आणि पुढच्या वर्षी ते गिटच्या मूळ सोर्समध्येच सामील झाले. त्यानंतर लार्स येम्ली यांनी सी भाषेत सीगिट लिहिले. त्याचा वेग मोठा आहे, कारण प्रत्येक पानासाठी गिटची वेगळी कमांड चालवावी लागत नाही. स्टॅगिट आणखी साधे. ते रेपोतून थेट एचटीएमएल पाने लिहून ठेवते आणि बाजूला होते. मग सर्व्हरवर काही चालवावेच लागत नाही. जिथे फक्त फाइली चढवायची मुभा आहे अशा स्वस्त होस्टिंगवर, किंवा पेनड्राइव्हवरही, ती पाने उघडतात. या पुस्तकात तिन्ही साधने घेतली आहेत. माझे मत विचाराल तर शिकताना गिटवेब, रोजच्या वापराला सीगिट आणि जिथे काहीच चालवू देत नाहीत तिथे स्टॅगिट.

चौथी अडचण सगळ्यांत जास्त शिकवणारी आहे, म्हणून तिला पुस्तकाचा मोठा भाग दिला आहे. काळजी घेणारा प्रशासक वेब सर्व्हरला ‘सीएचरूट’मध्ये ठेवतो. म्हणजे एखादे फोल्डर हेच सर्व्हरचे सगळे जग. ओपनबीएसडीचा वेब सर्व्हर तर मुळातच अशा फोल्डरात चालतो. सर्व्हर फोडून कोणी आत शिरला, तरी त्याच्या हाती त्या चार भिंतींतलेच लागते. हे शहाणपणाचे आहे. पण गिटवेब त्या भिंतींच्या आत नेले की ते पहिल्याच पायरीवर पडते आणि ब्राउझरात ५०० क्रमांकाची त्रुटी दिसते.

का पडते, हे शोधताना एखाद्या प्रोग्रामचा गोतावळा कळतो. गिटवेब ही पर्लची एक फाइल, म्हणून आत पर्ल हवे. पर्लबरोबर सीजीआय हे मोड्यूल हवे, आणि ते २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून पर्लच्या मूळ संचात येत नाही, वेगळे आणावे लागते. गिटवेब स्वतः रेपो वाचत नाही, गिटला विचारते, म्हणून आत गिटही हवे. गिटला झेडलिब लागते, आणि त्या दोघांना सी भाषेचे मूळ ग्रंथालय. हे सगळे नेले तरी एक राहतेच. गिटला नको असलेला मजकूर टाकायला ‘डेव्ह नल’ लागते आणि त्या रिकाम्या भिंतींत तेही नसते. वरातीला नवरी एकटी येत नाही, तिच्याबरोबर करवली येते, करवलीचे सामान येते. एकेक नाव ‘एलडीडी’ कमांडने विचारून, कागदावर लिहून, त्या-त्या जागी नेऊन ठेवायचे. हे काम ज्याने एकदा हाताने केले, त्याला प्रोग्राम कशावर उभा असतो ते आयुष्यभर विसरता येत नाही. कंटेनर आज एका आज्ञेत जे करतो, ते हेच. सीगिटचा इथे मोठा फायदा होतो. त्याला सगळ्या ग्रंथालयांसकट एकाच फाइलीत बांधता येते, मग बरोबर कोणाला न्यावे लागत नाही. पण कोड रंगीत दिसावा म्हणून बाहेरची पायथनची गाळणी जोडली, की पायथन आणि त्याचा गोतावळा पुन्हा दाराशी येतो. प्रत्येक शोभेची किंमत आत किती माणसे न्यावी लागतात यावर मोजावी, हा या प्रकरणाचा धडा आहे.

हा शोध घेताना उपयोगी पडणारी एक युक्ती इथेच सांगतो. आपल्या खात्यातून कमांड चालते आणि सर्व्हरकडून चालत नाही, याचे कारण पुष्कळदा वातावरणात असते. आपल्याकडे घराचा पत्ता असतो, कमांडी शोधायचा मार्ग असतो, भाषेची निवड असते. सर्व्हरच्या खात्याकडे यांपैकी काहीच नसेल. ‘एन्व्ह’ला उणे आय हा पर्याय देऊन तीच कमांड चालवा. सगळे काढून घेतल्यावर ती जिथे अडखळेल, सर्व्हरही बहुधा तिथेच अडखळत असतो.

असेच एक अडखळणे सविस्तर सांगण्याजोगे आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही लॅबमधले गिट अद्ययावत केले आणि दुसऱ्या दिवशी गिटवेबची यादी कोरी. रेपो जागच्या जागी, परवानग्या जशाच्या तशा, पण पानावर एक नाव नाही. कारण एप्रिल २०२२ च्या २.३५.२ या आवृत्तीत होते. सामायिक संगणकावर दुसऱ्या कोणी वरच्या फोल्डरात आपली गिटची मांडणी ठेवली, तर तिच्यातली आज्ञा आपल्या नावाने चालू शकते, अशी त्रुटी सापडली होती. म्हणून त्या आवृत्तीपासून रेपोचा मालक एक आणि वाचणारा दुसरा असेल तर गिट नकार देते. आमच्या रेपो विद्यार्थ्यांच्या मालकीच्या आणि वाचणारा वेब सर्व्हरचा स्वतंत्र वापरकर्ता. नकार योग्यच होता. इंटरनेटवर सगळीकडे उपाय मिळतो की ‘सेफ डिरेक्टरी’च्या मांडणीत तारा घाला आणि मोकळे व्हा. तसे करू नका. तारा घातला की तपासणीच बंद पडते, म्हणजे कुलूप दुरुस्त न करता दार काढून ठेवल्यासारखे. ज्या रेपो दाखवायच्या त्यांचे मार्ग एकेक करून लिहावेत, नाहीतर खिडकी रेपोच्या मालकाच्याच खात्यातून चालवावी. रूट नसलेल्या आमच्या मुलांना दुसरी वाट आपोआप मिळते. निर्बंधाने इथे त्यांना सुरक्षित बाजूला ठेवले.

वीज हीदेखील एक अडचण आहे, पण ती लवकर आटोपते. पुश अर्ध्यावर असताना वीज गेली तरी गिट आधी वस्तू लिहिते आणि शेवटी फांदीचे टोक हलवते, त्यामुळे जुना इतिहास सहसा शाबूत राहतो. वीज आल्यावर ‘गिट एफएससीके’ चालवून खात्री करावी आणि दुसऱ्या कोणाकडे एक क्लोन नेहमी असू द्यावा. धारूरच्या मुलाला अंबाजोगाईची रेपो हवी असेल आणि जाळे नसेल, तर ‘गिट बंडल’ने सगळा इतिहास एका फाइलीत बांधून एसटीत बसणाऱ्याच्या पेनड्राइव्हवर देता येतो. त्या फाइलीवरून सरळ क्लोन होतो. हेही एका छोट्या प्रकरणात आहे.

मराठीसाठी दोन प्रकरणे राखून ठेवली, याचे कोणाला आश्चर्य वाटू नये. आमची मुले फाइलींना मराठी नावे देतात, आणि द्यावीत. ‘वाचा’ नावाची फाइल टर्मिनलवर पाहिली तेव्हा तिच्या जागी तिरक्या रेघांनी तोडलेले आकडे आले: ३४०, २४४, २६५, मग ३४०, २४४, २७६. एका मुलीला वाटले फाइल बिघडली. बिघडले काहीच नव्हते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांत बसते आणि गिट ते बाइट अष्टमान पद्धतीने छापत होते. पहिले तीन आकडे म्हणजे ‘व’, पुढचे तीन म्हणजे त्याचा काना. तिने ते फळ्यावर मांडून दाखवले आणि ‘कोअर कोटपाथ’ बंद केल्यावर टर्मिनलवरही नाव सरळ उमटले. तेच नाव गिटवेबच्या पानावर पहिल्यापासून मराठीतच होते.

दुसरी गोष्ट वर्णनाची. प्रत्येक रेपोत ‘डिस्क्रिप्शन’ नावाची एक फाइल असते. तिच्यात गिटने आपणहून इंग्रजीत लिहिलेले असते की ही रेपो बेनाम आहे, तिला नाव द्या. कोणी देत नाही. मग यादीत एकाखाली एक बेनाम रेपो दिसत राहतात. त्या फाइलीत एक ओळ मराठीत लिहिली की पान बोलू लागते. फक्त एवढे लक्षात ठेवावे की यादीत गिटवेब सुमारे पंचवीस चिन्हांनंतर वर्णन कापते आणि काना, मात्रा, वेलांटी यांनाही ते स्वतंत्र चिन्ह मानते. इंग्रजी ओळ जिथे पुरते तिथे मराठी ओळ शब्द अर्धा राहून तुटते. ही रुंदी कॉन्फिगच्या एका ओळीत वाढवता येते. आमच्या लिपीची गरज इतक्या लहान जागी दडलेली असते आणि ती शोधणारा मराठी माणूसच असावा लागतो.

शेवटी जबाबदारी. वाचायची खिडकी आत काय आहे ते सगळे दाखवते, कालचेही. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहिला, दुसऱ्या दिवशी पुसला, तरी तो आदल्या कमिटमध्ये तसाच असतो आणि एका क्लिकवर दिसतो. विम्याच्या प्रकल्पाची चाचणी करायला मुलांनी गावातली खरी यादी घातली होती, नावे आणि बँक खात्यांसकट. खिडकी उघडण्याआधी ते लक्षात आले म्हणून बरे. ती रेपो आम्ही बाजूला ठेवली आणि बनावट आकड्यांनी नवी सुरू केली. इतिहास उघडा करण्याआधी तो एकदा स्वतः वाचावा. गिटवेबला कोणत्या रेपो दाखवायच्या हे ‘एक्स्पोर्ट ओके’ची खूण ठेवून ठरवता येते. खूण नसेल ती रेपो दिसू नये अशी मांडणी पहिल्या दिवशीच करावी. आणि लहान यंत्रावर भार ठरावीक आकड्यापलीकडे गेला की गिटवेबने नम्रपणे थांबावे, ही मर्यादाही स्वतः घालावी. मुळातली ३०० ची मर्यादा आमच्या डेस्कटॉपसाठी नसल्यासारखीच आहे.

२०१५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण जाहीर केले. त्या दिशेने ‘ओपनफोर्ज’ हे व्यासपीठही उभे राहिले. उद्या विम्याचा, रोजगार हमीचा, ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचा हिशोब करणारा कोड लोकांसमोर आला, तर तो वाचणारी माणसे गावात हवीत. ८० आणि ११० हे आकडे कोणत्या ओळीत आहेत, ती ओळ कधी बदलली आणि का बदलली, हे विचारता येणारा नागरिक तयार व्हायला लॅबमधली ही लहानशी खिडकी ही पहिली शाळा आहे, असे मी मनापासून मानतो.

पुस्तक कसे वापरावे याविषयी थोडे. प्रकरणे अधिकारांच्या क्रमाने लावली आहेत. आधी आपल्या लॅपटॉपवर, मग लॅबच्या साध्या खात्यावर, मग सीएचरूटमध्ये, शेवटी कोणतेही जाळे नसताना. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस एक बिघाड मुद्दाम करायला सांगितला आहे. तो खरोखर करा, त्रुटीची नोंद वाचा आणि मगच उपाय पाहा. ज्यांना गिटच नवे आहे त्यांनी आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे घ्यावेत. त्या प्रकल्पाने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांवर केलेले उपकार मोठे आहेत. या टिपणांतल्या चुका दाखवणारे, रात्री लॅब उघडी ठेवणारे आणि आपले चुकीचे कमिट या पुस्तकात वापरू देणारे सगळे विद्यार्थी या पुस्तकाचे सहलेखक आहेत.

वाचकाला एकच विनंती. पहिले प्रकरण संपले की आपली एखादी रेपो उघडा, तिच्या वर्णनाच्या फाइलीत हे काम कशासाठी आहे ते एका ओळीत मराठीत लिहा आणि तिचा पत्ता शेजारी बसलेल्याला द्या. त्याला ती वाचता आली, तर या पुस्तकाचे काम झाले.